अल्पुखारातलं घर: सिमेंट थांबवा, पाण्याचा कागद मागा

वाचकाचं पत्र

आम्ही दोघं मूळचे बागलाणातले, सध्या माद्रिदला नोकरीला आहोत. स्पेनच्या दक्षिणेला, ग्रानादा प्रांतातल्या अल्पुखारा भागात, ओर्खिवा गावाच्या वर साधारण ६५० मीटर उंचीवर एक जुना कोर्तिखो, म्हणजे शेतघर, घ्यायचं ठरवलं आहे. ७० चौरस मीटरचं दगडमातीचं घर, ४,००० चौरस मीटर पायऱ्यापायऱ्यांची जमीन, ३० जुनी ऑलिव्हची झाडं, दहाबारा बदाम, एक अंजीर. किंमत ५५,००० युरो. पाणी असेकियाचं, म्हणजे पाटाचं; ‘दर आठ दिवसांनी दोन तास’ असं मालक सांगतो. इसार दिला आहे, खरेदीखत फेब्रुवारीअखेर आहे.

सपाट मातीचं छप्पर दोन ठिकाणी गळतं. भिंतींना खालून मीटरभर आधीच्या मालकाने सिमेंट लावलंय, तरी ओल त्याच्याही वर चढली आहे. गवंडी म्हणतो, जुनी माती काढून वर काँक्रीटचा स्लॅब टाकू आणि भिंतींना आतबाहेर पूर्ण सिमेंटचा गिलावा करू. आम्हाला एप्रिलपासून भाजीपाला लावायचा आहे: टोमॅटो, भेंडी, वांगी, मेथी, कोथिंबीर, हरभरा. शिवाय हळद आणि हापूसची दोन कलमं. जवळ ४०,००० युरो आहेत. सुरुवात कशापासून करू?

उत्तर

गवंड्याला आजच फोन करून स्लॅब आणि सिमेंट, दोन्ही थांबवायला सांगा. कारण खाली सविस्तर देतो. पण त्याच्याही आधी खरेदीखताचं बघू, कारण तिथे वेळ कमी आहे आणि तिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

तुमच्या पत्रातली प्रत्येक अडचण पाण्याचीच आहे. अल्पुखारात पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल-मेपर्यंत, थंडीबरोबर येतो; जून ते ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. म्हणजे घराला पाणी नको असतं तेव्हा ते पडतं आणि टोमॅटोला हवं असतं तेव्हा आकाशात काहीच नसतं. त्यामुळे कामाचा क्रम पाण्याकडे बघून लावायचा.

‘दर आठ दिवसांनी दोन तास’ हे तोंडी वाक्य सोडून द्या. असेकियाचं पाणी वाटून घेणाऱ्यांची संस्था असते, तिला कोमुनिदाद दे रेगांतेस म्हणतात. तिच्या सचिवाकडून लेखी दाखला मागा. तुमच्या गटाच्या नावावर किती तास आहेत, पाळी किती दिवसांनी येते, पाळीच्या वेळी प्रवाह सेकंदाला किती लिटर असतो, वर्षाची पट्टी किती, आणि मागची बाकी आहे का, एवढं त्यात हवं. पाणीपट्टीची थकबाकी जमिनीला चिकटते, माणसाला नाही. खरेदीनंतर ती तुमच्याकडून वसूल होते. प्रवाहाचा आकडा मुद्दाम मागायचा. सेकंदाला ५ लिटर असेल तर दोन तासांत ३६,००० लिटर येतात, २ लिटर असेल तर १४,४०० च. शिवाय पाळी ऑगस्टमध्येही तितकीच मिळते का, हे शेजाऱ्याला वेगळं विचारा. वरच्या सिएरा नेवादा पर्वतरांगेवरचा बर्फ वितळून संपला की काही असेकियांची धार निम्म्यावर येते.

जमिनीत विहीर किंवा बोअर असेल तर ती नोंदलेली आहे का बघा. स्पेनच्या जलकायद्यात स्वतःच्या जमिनीतलं पाणी त्याच जमिनीवर वर्षाला ७,००० घनमीटरपर्यंत वापरता येतं, पण त्याची खोरे प्रशासनाकडे नोंद लागते, आणि अतिउपसा झालेल्या भूजलक्षेत्रात वेगळी परवानगी.

घराच्या कागदांत तीन गोष्टी जुळायला हव्यात: नोंदणी कार्यालयातला ताजा उतारा, म्हणजे नोता सिंप्ले, कातास्त्रो म्हणजे सरकारी जमीन-मालमत्ता नोंदीतला नकाशा, आणि प्रत्यक्ष जागा. घर उताऱ्यात आहे का? ७० चौरस मीटरच आहे का? बाजूचा गोठा, ओसरी कुठे नोंदले आहेत का? ही शेतजमीन आहे, गावठाण नाही, त्यामुळे आयुंतामिएन्तोकडून म्हणजे नगरपालिकेकडून घराच्या वयाचा आणि कायदेशीर स्थितीचा दाखला घ्या. मे १९७५ च्या आधीचं घर असेल आणि त्याचं रूप-वापर बदललेला नसेल, तर आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या स्वायत्त प्रदेशात येतो तिथे, ते कायदेशीर धरलं जातं. नंतर विनापरवाना बांधलेलं असेल, तर २०२१ च्या आंदालुसिया नगररचना कायद्याखाली त्याला ‘आएफेओ’ नावाची मान्यता घ्यावी लागते, आणि त्या मान्यतेत फक्त राहण्यायोग्य ठेवण्यापुरती दुरुस्ती करता येते. वाढवायचा विचार असेल तर तो तिथेच थांबतो.

एक कलम बहुतेक खरेदीदारांना माहीत नसतं. एक हेक्टरपेक्षा लहान शेतजमीन त्रयस्थाने विकत घेतली तर लगतच्या जमीनमालकाला तीच किंमत देऊन ती स्वतःकडे ओढून घेण्याचा हक्क आहे. नागरी संहितेचं कलम १५२३. मुदत फक्त नऊ दिवसांची, पण ती नोंदणीपासून मोजतात. तुमची जमीन ४,००० चौरस मीटर आहे, म्हणजे हे तुम्हाला लागू होऊ शकतं. मध्ये ओढा, असेकिया, घळ किंवा रस्ता असेल तर लागत नाही. शेजाऱ्यांना किंमत आधीच सांगा आणि खरेदीखत झाल्यावर नोंदणी रेंगाळू देऊ नका.

हस्तांतरण कर आंदालुसियात ७ टक्के आहे, म्हणजे ५५,००० वर ३,८५०. मात्र कातास्त्रोचं संदर्भमूल्य जास्त असेल तर कर त्यावर लागतो, म्हणून ते आधी काढून बघा. दुरुस्तीच्या कामावर मूल्यवर्धित कर १० टक्केच पडावा यासाठी साहित्याची किंमत एकूण बिलाच्या ४० टक्क्यांच्या आत ठेवून कंत्राटदाराकडून एकच बिल घ्या. साहित्य स्वतः आणलंत तर त्यावर २१ टक्के जातात.

आता छप्पर.

तुमचं छप्पर म्हणजे सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाचाच भाऊ. चेस्टनटच्या तुळया, त्यावर वेताची चटई किंवा पाटीचे पातळ दगड, आणि वर लाउना नावाची करडी, मॅग्नेशियमयुक्त चिकणमाती. पाणी लागलं की लाउना फुगते आणि आपल्याच फटी बुजवते. उन्हात परत सुकते, घरातली वाफ बाहेर जाऊ देते. ती गळते तेव्हा दोष सहसा लाउनाचा नसतो. आधी कडा बघा. पाटीच्या दगडांची वळचण भिंतीबाहेर किमान २० ते २५ सेंटीमीटर आलेली हवी. दगड तुटला की पाणी थेट भिंतीच्या माथ्यात उतरतं. मग धुराड्याचा बुंधा. मग गवताची, झुडपांची मुळं. आणि शेवटी उतार: मीटरला ३ ते ५ सेंटीमीटर हवा. तुळया वाकल्या की मधोमध खळगी होते, तिथे पाणी साचतं आणि तिथेच गळतं.

या खळगीवर लोक दरवर्षी आणखी माती टाकतात. १५ सेंटीमीटरचा थर ३० चा होतो, तुळई आणखी वाकते, खळगी आणखी खोल होते. म्हणून आधी तीनचार ठिकाणी खणून थराची जाडी मोजा. १५ सेंटीमीटर कोरड्या लाउनाचं वजनच चौरस मीटरला २०० किलोच्या पुढे जातं, भिजल्यावर आणखी.

तुळया तपासायच्या त्या भिंतीत शिरतात त्या टोकाला. मधला भाग ठणठणीत दिसतो, टोक मात्र ओल्या भिंतीत कुजलेलं असतं. जाड स्क्रू-ड्रायव्हर हाताच्या जोराने दाबा. एक सेंटीमीटरपेक्षा जास्त आत गेला तर ते टोक गेलं. भुंग्याची बारीक भोकं आणि ताजी पिवळसर भुकटी दिसली तर कीड चालू आहे. भोकं काळपट आणि कोरडी असतील तर जुनी. सगळ्या तुळया बदलायची वेळ क्वचित येते. कुजलेलं टोक कापून त्याच लाकडाचा तुकडा सांधता येतो, किंवा बाजूला दुसरी तुळई जोडता येते. हे काम आरखितेक्तो तेक्निको, म्हणजे तांत्रिक वास्तुतज्ज्ञ, याच्या सहीशिवाय करू नका. छप्पर हा घराचा सांगाडा आहे, त्याला साधी सूचना पुरत नाही, नगरपालिकेचा परवाना लागतो.

आता स्लॅब का नको. १५ सेंटीमीटर काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो. ७० चौरस मीटरला २६ टन. ते वजन ज्या भिंतींवर बसणार, त्या मातीच्या सांध्यांच्या आहेत. दगड एकमेकांना धरून नसतात, मातीवर टेकलेले असतात. ग्रानादा हा स्पेनमधला सर्वांत भूकंपप्रवण भाग आहे. २५ डिसेंबर १८८४ च्या भूकंपात याच प्रांतातलं आरेनास देल रेय गाव कोसळलं. जड, ताठ स्लॅब आणि खाली सैल भिंत, या जोडीत धक्का बसला की स्लॅब एकसंध राहतो आणि भिंत त्याच्याखालून सुटते. लाकडी छप्पर हलकं आणि लवचीक असतं, ते तसंच ठेवायला पाहिजे.

करायचं काय? माती उतरवा आणि चाळा. दगड आणि मुळं निघाली की जुनी लाउना पुन्हा चालते. तुळया आणि चटई नीट झाल्यावर १२ ते १५ सेंटीमीटरचा थर कोरडाच पसरा, कालवून नाही. चिखल करून थापली की सुकताना तडकते. पहिल्या पावसात ती बसते, मग ओलसर असताना चोपायची आणि ज्या फटी उघडतील तिथे मूठमूठ कोरडी माती टाकायची. काम जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत व्हायला हवं. सप्टेंबरअखेर पहिली वादळं येतात. पहिल्या हिवाळ्यात गळतीची भीती वाटत असेल तर चटईवर लाकडी फळ्या, त्यावर जलरोधक पडदा, त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, आणि मग लाउना, अशी रचना हल्ली करतात. ती चालते, फक्त पडद्याची कड वळचणीच्या दगडाबाहेर आलीच पाहिजे. भिंतीच्या माथ्यावर संपलेला पडदा आतलं पाणी भिंतीतच सोडतो. ओल्या लाउनावर चालायचं नाही, हे घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगा. नवी लाउना लागली तर गवंड्यामार्फत विकत घ्या, डोंगर खणून आणू नका.

गोठ्यावर करड्या नालीदार सिमेंटचे पत्रे असतील, म्हणजे लोक ज्याला उरालिता म्हणतात ते, तर हात लावू नका. स्पेनमध्ये ॲस्बेस्टॉसवर २००२ पासून बंदी आहे, त्याआधीच्या पत्र्यात ते असतं. फोडायचं नाही, कापायचं नाही, भोक पाडायचं नाही. नोंदणीकृत कंपनीच ते उतरवू शकते.

भिंतींची ओल. जमिनीतलं पाणी दगड-मातीच्या भिंतीत वर चढतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. ५० सेंटीमीटरच्या भिंतीला हे वर्षानुवर्षं पचतं. आधीच्या मालकाने खालच्या मीटरभर सिमेंट लावलं आणि पाण्याची बाहेर पडायची जागा बंद केली. मग ते आणखी वर चढून सिमेंटच्या वर बाहेर आलं. आता पूर्ण भिंतीला सिमेंट लावलंत तर ते तुळयांपर्यंत पोचेल. म्हणून ते सिमेंट हातोडी-छिन्नीने काढा, ओलीच्या रेषेच्या वर आणखी अर्धा मीटर. ब्रेकर मशीन वापरू नका, सांधे हलतात. मग भिंतीला एक अख्खा उन्हाळा उघडी राहू द्या. पांढरे क्षार वर येतील. ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतलं की क्षार परत आत जातात.

त्याच काळात बाहेरचं पाणी वळवा. डोंगराकडच्या बाजूला घराभोवतीची जमीन वर्षानुवर्षं माती साठून आतल्या फरशीपेक्षा उंच झालेली असते. ती फरशीच्या १५ ते २० सेंटीमीटर खाली आणा. मग भिंतीपासून किमान ६० सेंटीमीटर लांब चर खणा. अगदी भिंतीला लागून खणू नका. या घरांचा पाया उथळ असतो आणि उघडा पडला तर भिंत सरकते. एका वेळी तीनचार मीटरच उघडायचे. चरात जिओटेक्स्टाइल, त्यात ११० मिलिमीटरची भोकांची नळी, भोवती २० ते ४० मिलिमीटर खडी, उतार मीटरला १ ते २ सेंटीमीटर, आणि नळीचं तोंड खालच्या पायरीवर उघडं. हे काम घरच्या घरी होतं, आणि बरीचशी ओल एवढ्यानेच कमी होऊ शकते.

गिलावा चुन्याचा, आणि तो ऑक्टोबरमध्ये. पिशवीवर ‘एनएचएल ३.५’ लिहिलेला नैसर्गिक हायड्रॉलिक चुना मागा. ‘मोर्तेरो दे काल’ म्हणून मिळणाऱ्या तयार मिश्रणात बऱ्याचदा सिमेंट असतं, घटक वाचा. पहिला हात १ भाग चुना, २ भाग धुतलेली जाड वाळू, भिंत भिजवून फेकून मारायचा. दुसरा हात १ ला २.५, एका वेळी १० ते १२ मिलिमीटर, जास्त नाही. प्रत्येक हाताला तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा आणि ऊन असेल तर ओलं गोणपाट. ५ अंशांखाली किंवा ३० च्या वर काम करू नका; थंडीत चुना धरत नाही, उन्हात पाणी उडून भुकटी होते. शेवटी दुधासारखी पातळ सफेदी, तीनचार हात. डोळ्यांना गॉगल हवाच, चुन्याचा शिंतोडा डोळा जाळतो.

संडासासाठी जुना शोषखड्डा असेल तर तो चालणार नाही. प्रमाणित सेप्टिक टाकी आणि पुढे गाळणी लागते. ती घरकामाच्या परवान्यातच घ्या.

शेताकडे वळू. फेब्रुवारीअखेर खरेदीखत आणि एप्रिलमध्ये पूर्ण भाजीमळा, हे होणार नाही, करूही नका. पहिल्या उन्हाळ्यात ४० चौरस मीटर पुरे. त्याला कारण हिशेबाचं आहे. जुलैमध्ये इथे भाजीच्या वाफ्यातून दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे चौरस मीटरला ६ लिटर. पूर्ण मळा १०० चौरस मीटरचा धरला तर ६०० लिटर रोज; आठ दिवसांच्या पाळीला ४,८००, आणि ठिबकमधली गळती-नासाडी धरून ५,३०० लिटर. एक पाळी चुकली तरी पीक उभं राहावं म्हणून १०,००० लिटरची साठवण हवी. ती अल्बेर्का, म्हणजे शेततळ्यासारखी टाकी, तुमच्याकडे आहे का हे पत्रात नाही. नसेल तर भाजीमळ्याआधी ती. तिला कुंपण आणि आत उतरायची-चढायची खरबरीत उतरण ठेवा. गुळगुळीत काठावरून पडलेलं जनावर किंवा मूल वर येऊ शकत नाही.

छपरावरचं पाणी साठवून उन्हाळा निघेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. ७० चौरस मीटरवर वर्षाला ४५० मिलिमीटर पडले आणि ८० टक्के हाती आलं तरी २५,००० लिटर होतात, तेही सगळे हिवाळ्यात. एवढी टाकी बांधण्याच्या खर्चात असेकियाचा हिस्सा दहा वर्षं सांभाळता येतो. आणि लाउनावरून येणारं पाणी गढूळ असतं.

असेकियाचं पाणी गाळ घेऊन येतं. टाकीच्या तोंडाशी छोटा गाळखड्डा, टाकीतून निघताना १२० मेशची चकती-गाळणी. पुढे १६ मिलिमीटरची नळी, दर ३० सेंटीमीटरला २ लिटर प्रति तासाचं ड्रिपर. इथे हमखास होणारी चूक सांगतो: उतार आहे म्हणून दुकानदार दाबनियंत्रित ड्रिपर देतो. त्याला साधारण ०.५ ते १ बार दाब लागतो. तुमची टाकी वाफ्यापेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब मिळतो ०.३ बार, आणि अर्धे ड्रिपर कोरडे राहतात. पंप नसेल तर साधे, कमी दाबाचे ड्रिपर घ्या आणि नळ्या उताराच्या आडव्या, समपातळीवर टाका, प्रत्येक पायरीला वेगळा कॉक. नळीचं टोक महिन्यातून एकदा उघडून धुवा.

पाळीचं उरलेलं पाणी ऑलिव्ह आणि बदामांच्या आळ्यांना पाटाने द्या. वसंतात पाट साफ करायचा दिवस ठरतो, त्या दिवशी फावडं घेऊन जा, पैसे भरून सुटका करून घेऊ नका. पाटकरी, म्हणजे असेकिएरो, कोणाच्या पाळीत किती चालढकल चालते हे ठरवतो, आणि तो माणूस तुम्हाला तिथेच भेटेल. वरच्या डोंगरात बर्फाचं पाणी जिरवणाऱ्या जुन्या असेकिया आहेत, त्यांच्यामुळे खालचे झरे उन्हाळ्यात चालू राहतात. ग्रानादा विद्यापीठाची मेमोलॅब गावकरी आणि स्वयंसेवकांना घेऊन अशा बंद पडलेल्या असेकिया पुन्हा वाहत्या करते आहे. त्यांच्या कामाला एक दिवस जरी गेलात तरी या डोंगराचं पाणी कसं फिरतं ते पायाखाली कळेल.

पायऱ्यांचे कोरडे दगडी बांध, इथे त्यांना बालाते म्हणतात, जिथे पोट पुढे आलेलं दिसेल तिथे पुढच्या पावसाआधी उतरवून पुन्हा रचावे लागतील. सिमेंट भरू नका. मागचं पाणी दगडांच्या फटींतून बाहेर पडलं नाही तर भिजलेल्या मातीचा दाब अख्खा बांध ढकलतो. फुगलेला भाग व्ही आकारात उतरवा, दगड आकाराप्रमाणे लावून ठेवा. सर्वांत मोठे तळाला, घट्ट जमिनीवर, किंचित आतल्या बाजूला कललेले. वर जाताना मीटरला १० ते १५ सेंटीमीटर मागे झुकाव. दगडाची लांब बाजू आत जायला हवी, दर्शनी नाही. लांब बाजू बाहेर दिसते तेव्हा बांध सुंदर दिसतो आणि दोन हिवाळ्यांत पडतो. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. मागे मातीऐवजी हातभर छोटे दगड भरा, तोच निचरा. दर चौरस मीटरला एकतरी दगड पूर्ण खोलीत जाणारा हवा. कोरड्या दगडी बांधकामाची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, त्यात स्पेनही आहे. शिकवणारी माणसं अजून गावात आहेत, त्यांना मजुरी देऊन दोन दिवस हाताशी धरा.

लावणीचं वेळापत्रक तुम्हाला उलटं वाटेल. मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये लावलीत तर मे-जूनमध्येच फुलावर जातील. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरला, पुन्हा फेब्रुवारीला. त्याच शरद ऋतूत बाकला, वाटाणा, लसूण. बटाटा फेब्रुवारी-मार्चला. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं एप्रिलच्या मध्यानंतर, रात्री १० अंशांच्या वर राहू लागल्यावर. भेंडी मेच्या मध्यानंतर; जमीन २० अंशांना पोचल्याशिवाय बी कुजतं. दुधी, दोडका त्याच वेळी, आणि पाणी असेल तर दोन्ही उत्तम येतात.

हरभऱ्याचं विशेष. बागलाणात तो रब्बीत, ओलीवर पेरतात. इथेही हिवाळी ओल असते म्हणून नोव्हेंबरमध्ये पेरायचा मोह होईल. पण थंड, पावसाळी हवेत अस्कोकायटा करपा येतो, शेतकरी त्याला ‘राबिया’ म्हणतात, आणि शेत आठवड्यात तपकिरी होतं. म्हणून इथे जुन्या पद्धतीने मार्चमध्येच पेरतात.

टोमॅटोवर पानात चकाकत्या नागमोडी-फुगीर जागा दिसल्या तर ती टुटा अळी. २००६ मध्ये ती युरोपात प्रथम स्पेनमध्येच सापडली. कामगंध सापळा लावणीच्याच दिवशी टांगा, पानं तोडून पिशवीत बांधून उन्हात ठेवा, कंपोस्टमध्ये नाही. फळाचं बूड काळं पडलं तर रोग समजून फवारू नका. पाणी एकदा भरपूर, मग आठ दिवस नाही, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. ठिबकने रोज द्या, आच्छादनाला ५ ते ८ सेंटीमीटर गव्हाचा पेंढा. खताला लेंडीखत, पण सहा महिने कुजलेलं, चौरस मीटरला ३ ते ४ किलो.

ऑलिव्हची छाटणी फेब्रुवारीअखेर ते मार्च. दुर्लक्षित झाड एका वर्षात कापून उघडं करू नका, तीन वर्षांत करा, दर वर्षी एक तृतीयांश लाकूड. बुंध्यापासून फुटलेले सगळे फुटवे काढा. अचानक उघड्या पडलेल्या सालीला उन्हाचा चटका बसतो, तिथे चुना लावा. छाटलेली जाड फांदी बागेत पडू देऊ नका. सालीतला भुंगेरा त्यात वाढून वसंतात जिवंत झाडांवर जातो. एप्रिलच्या आत लाकूड हलवा किंवा बारीक करा. जाळायचं असेल तर आधी नगरपालिकेत विचारा. १ जून ते १५ ऑक्टोबर आंदालुसियात वणव्याच्या धोक्यामुळे जाळणं बंद असतं.

फळमाशीसाठी दीड लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या वरच्या भागात ५ मिलिमीटरची पाच भोकं पाडा, आत लिटरला ४० ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट घालून पाणी भरा, जूनअखेर झाडाच्या दक्षिण बाजूला टांगा. कोर्दोबातल्या ओलिपे या सहकारी संस्थेच्या नावाने हा सापळा ओळखला जातो. पाणी आटेल, मधून भरत राहा. फळं नोव्हेंबरमध्ये, रंग बदलताना उतरवा, हवेशीर क्रेटमध्ये भरा, पोत्यात नाही, आणि २४ तासांत अल्मासाराला, म्हणजे तेलघाणीला, पोचवा. उशीर झाला की फळं तापतात आणि तेल आंबतं. ३० झाडांपासून ६०० किलो मिळाले तर साधारण १२० ते १३० लिटर तेल. स्वतःच्याच फळांचं तेल वेगळं काढून देण्यासाठी प्रत्येक घाणीची किमान किलोची अट असते. ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवा.

बदाम फेब्रुवारीत फुलतात आणि कडाक्याच्या एका रात्रीत फळ जातं. जुन्यांच्या जागी लावायचे झाले तर उशिरा फुलणाऱ्या ग्वारा, सोलेता, बेलोना किंवा त्याहून उशिराची पेंता, या जाती डिसेंबर ते फेब्रुवारीत उघड्या मुळांच्या लावा. झाडावर वाळून लटकलेले काळे बदाम हिवाळ्यात वेचून नष्ट करा, त्यात गांधीलमाशीची अळी झोपलेली असते.

रानडुकरं बांध उकरतात आणि एका रात्रीत बटाट्याचा वाफा संपवतात. जमिनीपासून २५ आणि ५० सेंटीमीटरवर विजेच्या दोन तारा, सौर यंत्रावर, लावणीच्या आधी. तारेखालचं गवत कापत राहा, नाहीतर वीज जमिनीत उतरते.

हळद मोठ्या कुंडीत जमेल: मार्चमध्ये घरात कोंब काढा, मेमध्ये अर्ध्या सावलीत बाहेर, गारठा पडायच्या आत काढणी. हापूस मात्र ६५० मीटरवर लावू नका. ग्रानादा-मालागाच्या किनाऱ्यावर, मोत्रिल, आल्मुन्येकारकडे, आंबा होतो, कारण तिथे पाणी गोठत नाही. तिथेही मुख्यतः ओस्तीन, केंट, कीट या जाती आहेत. तुमच्याकडे कोवळं कलम पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात मरेल. त्या जागी घराच्या दक्षिण भिंतीलगत संत्रं आणि उघड्यावर डाळिंब लावा, दोन्ही ओर्खिवाच्या परिसरात चांगली येतात. सुट्टीवरून येताना बॅगेत कलमं किंवा बी आणू नका. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या रोपांना आणि लावणीच्या बियांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. भेंडी, दुधी, मेथीचं बी युरोपातल्याच विक्रेत्यांकडे मिळतं, ते आत्ता जानेवारीतच मागवून ठेवा.